गाढव एकटं आणू नका

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

(मागच्या अंकात गोराईच्या वाडीत सांभाळल्या जाणाऱ्या २४ गाढवांवर दोन पानं छापली होती. त्यावर आलेली निवडक पत्रं आम्ही वाडी चालवणाऱ्या ताईंकडे पाठवली. त्या मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका होत्या. उत्तरं त्यांच्याच शब्दांत.)

आमच्या टेकडीवर तीन दिवस एक गाढव उभं आहे. पाठीला मोठी जखम, माश्या घोंगावतायत. मालक कोणी दिसत नाही. रविवारी टेम्पो करून तुमच्याकडे आणून सोडतो. चालेल ना? (विक्रोळी पार्कसाइट)

नाही, आणू नका. टेम्पोचे पैसे खिशातच ठेवा आणि आधी दोन गोष्टी बघून या. त्याच्या आसपास दुसरं गाढव असतं का? आणि सकाळी साडेसहा-सातला तिथे कोण येतं?

खरोखर बेवारस असं गाढव मुंबईत मी आठ वर्षांत दोनदा पाहिलं. बाकी सगळ्यांना मालक असतो. टेकडीवरच्या वस्तीत टेम्पो चढत नाही, म्हणून विटा, रेती, सिमेंट वर न्यायला आणि डेब्रिज खाली आणायला गाढवं लागतात. काम नसलं की मालक मोकळं सोडतो, ती कचराकुंडीपाशी जातात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, टाकून दिलंय. तुम्ही उचलून आणलंत तर मालकाच्या दृष्टीने ती चोरी. मग पोलीस आधी माझ्या दारात.

कायदा आहे, नाही असं नाही. १९६० च्या कायद्याने जखमी जनावर कामाला लावणं गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. पन्नास रुपयांत माणूस सुधारत नाही, चिडतो मात्र नक्की. म्हणून मी आधी मालकाला गाठते.

आता ‘एकटं आणू नका’ असं का म्हणते ते सांगते. सांगायला आवडत नाही, पण तुमच्यासारखी पत्रं महिन्याला चार येतात.

२०१७ साली मी निवृत्त झाले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर भांडुपच्या टेकडीवर मला एक करडं गाढव दिसलं. खोगिराखालची पाठ सोललेली, जखमेत अळ्या वळवळतायत. जन्मभर ड्रेसिंगं केलेली बाई मी, हात शिवशिवले. मालकाच्या हातावर चार हजार रुपये ठेवले, गाढव टेम्पोत घातलं आणि भाईंदर-उत्तनवरून फिरून गोराईला आणलं. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं होती, चष्मा लावल्यासारखी, म्हणून नाव ठेवलं मास्तर.

रोज दोनदा जखम सलाइनने धुवायची, चिमट्याने एकेक अळी काढायची. जखम इतकी सुरेख भरत होती की मी वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणींना फोटो पाठवत होते. मास्तर पहिल्या दोन रात्री सारखा ओरडला. शेजारच्या वाडीतून निरोप आला की झोप होत नाही. तिसऱ्या दिवशी तो गप्प झाला. मला वाटलं, रुळला. चौथ्या दिवशी त्याने कडब्याला तोंड लावलं नाही. डॉक्टरांनी रक्त काढलं, नळी जरा वेळ उभी ठेवली, तर वर जो पिवळसर पाण्यासारखा भाग यायला हवा तो दुधासारखा पांढरा. गाढवाने खाणं सोडलं की त्याचं शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडायला लागतं, आणि ती इतकी वाढते की यकृत, मूत्रपिंडं सगळी कामातून जातात. घोड्यापेक्षा गाढवाला हा धोका जास्त. सहाव्या दिवशी तो गेला. पाठ जवळजवळ भरली होती.

मालकाला सांगायला गेले. वाटलं होतं, तो म्हणेल, गेलं तर गेलं. तो म्हणाला, “बाई, तुम्ही त्याला नेलं तेव्हापासून हीसुद्धा नुसती उभी आहे.” त्याच्या मागे एक लहानखुरी गाढवीण भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोघं सात वर्षं बरोबर खेपा घालत होती. गाढवं जोडी धरतात. नर-मादीचीच असं नाही, दोन नरांचीही असते, दोन म्हाताऱ्यांचीही. एकाला ओढून नेलं की उरलेल्याचंही खाणं सुटू शकतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं. तिला आणि तिच्या सोबतीला त्याच मालकाचं एक म्हातारं गाढव, अशी दोघं मी आणली. म्हातारं दोन वर्षांनी गेलं. ती, चिमी, अजून आहे, आणि आता तिची जोडी दगडूशी आहे.

तेव्हा तुमच्या गाढवाचं असं करा. बादलीभर स्वच्छ पाणी समोर ठेवा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात दोन सपाट चमचे मीठ घालून जखमेवर हळूहळू ओता, चोळू नका. मागून जाऊ नका, खांद्याच्या बाजूने जा. हळद, चुना, जळकं ऑइल काही लावू नका. जळकं ऑइल लावलेली पाठ मला साफ करायला दीड तास लागतो. परळचं बैलघोड्याचं इस्पितळ तुम्हाला माहीत असेलच, गाढवही तिथे पाहतात. मालक भेटला की त्याला ‘तुम्ही क्रूर आहात’ म्हणू नका, ‘बरं करून परत देतो’ म्हणा. माझ्याकडे आणायचीच वेळ आली तर दोघांना आणा. आणि हो, पैसे देऊन विकत घेऊ नका. मी ते चार हजार दिले, तो पौषात जेजुरीच्या बाजारात गेला आणि त्याहून तरुण गाढव घेऊन आला. मी गाढव सोडवलं नव्हतं, त्याला भांडवल पुरवलं होतं.

गाढव अडून का बसतं? ते खरंच मठ्ठ असतं का? (इयत्ता पाचवी, दादर)

बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यात मजा आली. घोडा घाबरला की पळतो. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ मुलखातले. तिथे न बघता पळालं तर पाय मोडायचा. म्हणून गाढव घाबरलं की थांबतं, कान रोखतं, विचार करतं. आपण मागून ढकललं की त्याला वाटतं, पुढे नक्की काहीतरी वाईट आहे. आमचा बारक्या गटाराच्या जाळीवरून जात नाही म्हणजे नाही. मी त्या जाळीवर जुनं गोणपाट टाकलं, स्वतः दोनदा त्यावरून गेले, बसून राहिले. अकरा मिनिटांनी तो आला. तू अकरा मिनिटं गप्प बसू शकतोस का, आईला विचार.

आम्ही गोराई बीचला येतो तेव्हा गाढवांसाठी पाव, शिळ्या पोळ्या, गूळ आणला तर चालेल का? आणि ती खातात तरी काय? (कांदिवली)

पाव नको. पोळ्या नकोत. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण ज्याने काढली त्याने गाढव पाळलं नसावं. गूळ दिसला की दगडू खिशाची शिवण उसवतो. म्हणूनच तोही नको.

हा प्राणी निकृष्ट चाऱ्यावर जगायला घडलेला आहे. ज्वारीचा कडबा, गव्हाचं काड, भाताचा पेंढा: तंतू भरपूर, साखर कमी. दिवसभर थोडं थोडं चघळत राहायचं. कोरडा चारा वजनाच्या साधारण दीड टक्का लागतो. आपल्याकडचं गावठी गाढव १२० किलोच्या आसपास धरलं तर दिवसाला दोन किलोही नाही. हिरवा चारा मूठभर, मिठाचा खडा चाटायला, आणि पाणी स्वच्छ. याबाबतीत गाढवाचे नखरे घोड्याहून जास्त, बादलीत शेवाळ दिसलं की तोंड लावत नाही. पिठाचं आणि गोडाचं खाणं वाढलं की चरबी मानेवर चढते, मान एका बाजूला कलंडते, आणि खुरांच्या आत सूज येते. अशा गाढवाला पाऊल टाकणं म्हणजे इंगळावर चालणं. शहरातली गाढवं उपाशी असतात ही समजूत अर्धीच खरी आहे. माझ्याकडे आलेल्यांपैकी पाच लठ्ठ होती, सगळी देवळाबाहेर किंवा बेकरीपाशी वाढलेली.

चाऱ्यापेक्षा मुंबईत प्लॅस्टिकची भीती मोठी. गाढवाला उलटी होत नाही. पोटात गेलेली पिशवी एक तर मागून बाहेर पडते नाहीतर अडकते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वहिनी नावाच्या गाढविणीला रात्री दहाला पोटशूळ उठला. सारखी पोटाकडे वळून बघायची, पाय आपटायची, लीद बंद. बाहेर वादळी पाऊस, बोरिवलीची बोट बंद. डॉक्टर बोरिवलीत, म्हणजे खाडीपलीकडे समोर दिसणाऱ्या दिव्यांत, आणि त्यांना यायचं भाईंदरला वळसा घालून. ते पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. नंतर पोट उघडून पाहिलं, पिशव्यांचा पिळा निघाला, धुण्याच्या पिळ्याएवढा. ती आमच्याकडे येऊन पाच महिने झाले होते. पिशव्या त्याआधीच्या होत्या.

तेव्हा येताना गाजरं आणा, लांबट उभी चिरून. गोल चकत्या घशात अडकतात. माणशी दोन गाजरं, त्याहून जास्त नाही.

नातवाला दमा आहे. गाढविणीचं दूध चमचाभर द्या असं सगळे सांगतात. तुमच्याकडे मिळेल का? पैसे देऊ. (गिरगाव)

आजी, मिळणार नाही. गाढविणीच्या दुधात चरबी गाईच्या दुधापेक्षा बरीच कमी असते आणि ते रचनेने आईच्या दुधाच्या जवळ जातं, हे खरं आहे. पण दम्यावर त्याचा गुण येतो याला आधार नाही. रस्त्यावर कच्चं काढून पाजलेलं दूध लहान मुलाला देणं मला, नर्स म्हणून, मुळीच पसंत नाही. शिवाय गाढवीण दूध देते ती शिंगरू असेपर्यंत, आणि ते शिंगराचं असतं. नातवाचा इन्हेलर बंद केला असेल तर आज चालू करा. हे मात्र मी हात जोडून सांगते.

मी ३१ वर्षांचा आहे, ठाण्यात आयटीत नोकरी करतो. मुरबाडजवळ आमची दोन एकर जमीन पडून आहे. तुमचा लेख वाचून गाढवांसाठी आश्रम सुरू करायचं ठरवलं आहे. पहिल्या वर्षी पन्नास गाढवं घ्यायचा विचार आहे. सुरुवात कशी करू? (ठाणे)

पन्नास! तुम्हाला आधी एक आकडा देते, तो पाकिटात ठेवा. नीट सांभाळलेलं गाढव २५-३० वर्षं जगतं. तुम्ही पाच वर्षांचं गाढव घेतलंत तर ते जाईल तेव्हा तुमची पन्नाशी उलटलेली असेल. तोवर लग्न, मुलं, बदली, आईवडिलांची आजारपणं हे सगळं होईल आणि रोज सकाळी सहाला वैरण टाकावीच लागेल.

मला येणाऱ्या पत्रांत दर तिसऱ्या पत्रात एकनाथ महाराज असतात. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट. सुंदरच आहे. पण मला नेहमी प्रश्न पडतो, दुसऱ्या दिवशी त्या गाढवाला पाणी कोणी पाजलं? तुम्ही जे सुरू करताय ते दुसऱ्या दिवसाचं काम आहे. त्याची कोणी पोथी लिहीत नाही.

पन्नास नको, चार घ्या. दोन जोड्या. एक पावसाळा काढा आणि मग मला पत्र लिहा. पावसाळा का, तर गाढवाच्या अंगावरचे केस घोड्याच्या केसांसारखं पाणी निथळू देत नाहीत. ते भिजतं, गारठतं, कफ धरतं. मूळ वाळवंटाच्या कडेचा प्राणी आपण कोकणच्या पावसात उभा करतो. मुरबाडलाही पाऊस काही कमी नाही. छप्पर आधी, गाढव नंतर. खाली मुरूम, त्यावर विटांचा थर, उतार असा की मूत साचता कामा नये. पहिल्या वर्षी मी मातीचीच जमीन ठेवली. सप्टेंबरपर्यंत नऊ गाढवांच्या खुरांत कुजका काळा भाग झाला होता, नाकाला रुमाल लावून साफ करायचे. वैरण जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर ठेवा. बुरशी आलेला कडबा फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

खूर दर सहा ते दहा आठवड्यांनी तासायचे. नाही तासले तर ते वाकडे वाढतात, पुढे वळलेल्या वहाणेसारखे, आणि गाढव टाचेवर चालायला लागतं. नालबंद शोधा. मिळणं कठीण आहे, कारण जे आहेत ते शर्यतीच्या घोड्यांकडे जातात. शेवटी सुरी आणि कानस मी स्वतः हातात घेतली. दात वर्षातून एकदा तपासा, धनुर्वाताची लस चुकवू नका. नर खच्ची करून घ्या, नाहीतर चाराची सहा व्हायला वेळ लागत नाही. गाढविणीला साधारण बारा महिने दिवस असतात, आलेली गाभण आहे हे तुम्हाला कळणारच नाही. आम्हाला कळलं नव्हतं. गौऱ्या त्यातूनच झाला.

नवीन आलेलं गाढव लगेच इतरांत सोडू नका. वेगळं ठेवा, पण त्याच्या जोडीदारासकट. रक्त तपासून घ्या. ग्लँडर्स हा घोड्यागाढवांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, आणि तो निघाला तर कायद्याने ते जनावर मारावंच लागतं. तुमच्या वाडीतलं, नाव ठेवलेलं. त्याची तयारी आहे का? पावसाळ्यानंतर जनावरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या वाढतात, त्यांच्या चावण्यातून सर्रा नावाचा रक्तातला रोग पसरतो. ताप येतो-जातो, गाढव खात असूनही वाळतं, पोटाखाली सूज उतरते. थर्मामीटर वापरायला शिका. गाढवाचं नेहमीचं तापमान साधारण ३७.१ सेल्सिअस, म्हणजे जवळपास तुमच्या-माझ्याएवढंच. मला ते कळलं तेव्हा फार बरं वाटलं, एक आकडा तरी नवा शिकावा लागला नाही. माझ्याकडे प्रत्येकाचा चार्ट आहे, वॉर्डात पलंगाच्या पायाशी असायचा तसा. त्यात रोज एकच गोष्ट न चुकता लिहितो, खाल्लं की नाही. गाढव दुखणं दाखवत नाही. लंगडेल, ओरडेल अशी वाट बघाल तर उशीर होईल. रोज भांडणारं गाढव आज शहाण्यासारखं कोपऱ्यात उभं आहे, म्हणजे डॉक्टरांना फोन करायचा.

पैशाचं. वाडीचं भाडं, जवळच्या पाड्यावरच्या नवराबायकोचा पगार, वैरण, औषधं सगळं धरून माझा महिन्याचा खर्च ८० ते ८५ हजारांच्या घरात जातो, म्हणजे गाढवामागे साडेतीन हजार. निम्मं माझ्या पेन्शनमधून आणि भावाकडून, निम्मं देणग्यांतून. देणग्या फोटोवर येतात. जखमेच्या फोटोवर जास्त, बऱ्या झालेल्या पाठीच्या फोटोवर जवळजवळ नाहीत. त्यामुळे नवी जखमी गाढवं आणत राहण्याचा मोह होतो. तुम्हालाही होईल. मला झाला होता, एका वर्षात एकदम आठ घेतली आणि त्या वर्षी जुन्यांचे खूर वेळेवर तासले गेले नाहीत.

आणि शेवटचं, जे कोणी विचारत नाही. मेलेलं गाढव पुरणार कुठे? गोराईत चार फुटांवर पाणी लागतं. तुमच्या दोन एकरांत विहिरीपासून लांब, चढावर एक कोपरा आधीच राखून ठेवा. नेण्याआधी जोडीदाराला शवापाशी उभं राहू द्या. कधी तासभर, कधी अर्धा दिवस. हुंगतं, पायाने डिवचतं, मग स्वतःच बाजूला होतं. हे करू दिलं तर मागे राहिलेलं खायला लागतं, हा माझा अनुभव. मास्तरनंतरचा.

तुम्ही फोटो छापता त्यात आमची बदनामी होते. आमच्या चार पिढ्या गाढवावर जगल्या. तुमच्यासारख्या बायका आल्या की आमच्या पोटावर पाय. आम्ही काय करायचं ते सांगा. (भांडुप)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी परटाची नात आहे. कल्याणला उल्हास नदीवर आजोबा दोन गाढवांवर धुण्याची गाठोडी न्यायचे. पावसात आमच्या घरात माणसं भिजायची, गाढवं नाही. आजी म्हणायची, माहीमच्या शितळादेवीने वाहन म्हणून हेच निवडलं, त्याला लाथ मारलीस तर अंगावर देवी येतील. तेव्हा मी तुम्हाला शिकवायला आलेली नाही, पण विचारलंत म्हणून सांगते.

१९६५ चा नियम आहे, गाढवावर ५० किलोच्या वर ओझं नाही. सिमेंटची गोणी बरोबर ५० किलोची. म्हणजे एक गोणी, दोन नाही. तीन किलोची वीट धरली तर सोळा विटा. रेती ओली असेल तर पाटी अर्धीच भरा. दिवसाला नऊ तासांच्या वर काम नाही, आणि पारा ३७ च्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ थांबायचं. सोळा विटांत तुमचं घर चालत नाही, हे मला माहीत आहे. खेपेचा भाव ठरवणारा मुकादम गाढवाला विचारत नाही आणि तुम्हालाही नाही. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही, खोटं कशाला बोलू.

पण पाठ लागते ती नुसत्या वजनाने नाही, खोगिराने. एकच सपाट गादी टाकलीत तर सगळा भार मणक्यावर येतो. दोन जाड उशा करा, मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, मध्ये तीन बोटं रिकामी. आत काथ्या किंवा काड भरा. घामाने कडक झालं की धुवा, वाळवा. ही जोडी मी तुम्हाला शिवून देईन. पायबंदाला नायलॉनची दोरी वापरू नका, कातडीत रुतते, सुती पट्टी बांधा. आणि नाकपुड्या चिरू नका. श्वास मोकळा होतो म्हणून चिरतात, तसं काही होत नाही. होते ती जखम आणि तिच्यावर माश्या.

बदनामीचं म्हणाल तर फोटोत तुमचा चेहरा किंवा वस्ती येणार नाही, हे मी संपादकांना सांगितलं आहे.

तुमचं काम बंद पडावं असं मला वाटत नाही, यावर माझ्यावर चिडणारे पुष्कळ आहेत. पण काय होतं ते मी पाहिलं. उच्च न्यायालयाने २०१५ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद केल्या. घोड्यांसाठी चांगलंच झालं म्हणा, पण चालवणाऱ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न नंतर बरीच वर्षं लोंबकळत राहिला. गाढवांचं तर कोणी बंदही करायची गरज नाही. पशुगणनेत २०१२ साली देशात ३ लाख २० हजारांच्या आसपास गाढवं होती, २०१९ साली १ लाख २० हजार. छोटा टेम्पो, जेसीबी, पक्का रस्ता आला की गाढव जातं. कुठे जातं, हा माझा प्रश्न आहे. काही आंध्रात मांसासाठी जातात, अन्नसुरक्षेच्या नियमांत गाढव खाण्याच्या प्राण्यांत बसत नसतानाही. बाहेर चीनमध्ये कातड्याच्या सरसापासून औषध करतात, त्यापायी आफ्रिकेतली गाढवं इतकी गेली की आफ्रिकी संघाने २०२४ मध्ये कातड्याच्या व्यापारावर बंदी घातली. म्हणून दादा, तुमचं म्हातारं गाढव कोणी ‘बाहेरगावचा’ दोन हजारांना मागायला आला तर त्याच्या आधी मला फोन करा. मी पैसे देणार नाही. पण त्याला आणि त्याच्या जोडीदाराला जागा देईन, आणि तुम्ही कधीही येऊन बघू शकता. चिमीचा जुना मालक येतो. ती त्याला ओळखते, माझ्यापेक्षा जास्त.

मी महिन्यातून दोन रविवार तुमच्याच टेकडीखाली पिंपळाजवळ ड्रेसिंगची पेटी घेऊन बसते. खूर तासायचे पैसे घेत नाही. सकाळी आठ ते अकरा.

ताई, तुमचं वय आता ६६. तुमच्यामागे या चोवीस जणांचं काय? राग मानू नका. (मुलुंड)

राग कसला. रात्री मीच हिशेब करते. चोवीसपैकी सोळा जणांचं वय पंधराच्या वर आहे, त्यांना माझ्या हातून पोचवता येईल असं धरून चालते. दोन वर्षांपासून दहाच्या आतलं गाढव घेत नाही. बरं करून मालकाला परत, नाहीतर दुसऱ्या कोणाकडे. ट्रस्ट केला आहे, त्यात भाची आणि डॉक्टर आहेत. जागा मात्र भाड्याची आहे आणि करार दर तीन वर्षांनी. ज्यांची वाडी आहे ते भले लोक आहेत, त्यांची मुलं परदेशात आहेत, आणि गोराईच्या जमिनीला काय भाव आलाय ते तुम्हाला माहीत असेल.

गौऱ्या सहा वर्षांचा आहे. तो तीस वर्षं जगला तर मी नव्वदीची असेन. पाड्यावरच्या आमच्या जोडप्याचा मुलगा आता बारावीला आहे. खूर तासायला माझ्यापेक्षा चांगला बसतो, पण त्याला बोटीवर नोकरी हवी आहे, आणि त्याने का करू नये? मी त्याला विचारलेलं नाही. सध्या एवढंच केलंय की गौऱ्याला मी एकट्या दगडूशी जोडू दिलं नाही, तिघांच्या कळपात ठेवलं आहे, म्हणजे मुक्काम हलवायची वेळ आली तर तिघं एका टेम्पोत जातील. आमच्या भाईंदरच्या टेम्पोवाल्याला विचारून ठेवलंय, तीन बसतात.